अनुदानाची फाइल शेवटच्या कागदापासून लावा

माझी सगळी नोकरी सरकारी लेखापरीक्षणात गेली. लोकांनी सरकारचा पैसा कसा खर्च केला ते त्यांच्या फायलींतून वाचायचं आणि जिथे व्हाउचर सापडत नाही तिथे आक्षेप लिहायचा, एवढंच काम. निवृत्तीनंतर टेबलाची बाजू बदलली. आता मौद्याकडची खडी गंमत (आमच्याकडची लोकनाट्याची कला) पार्टी, नागपूरच्या महाल भागातलं कबड्डी मंडळ, राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी पोरं असे सगळे घरी येतात आणि म्हणतात, "ताई, तेवढं अनुदानाचं पाहून द्या ना जी." हातात अर्जाचा कोरा नमुना असतो. मी तो बाजूला ठेवते आणि विचारते, उपयोगिता प्रमाणपत्राचा, म्हणजे पैसा कुठे खर्च झाला ते शेवटी लिहून द्यायच्या कागदाचा, नमुना आणला का? तो कोणीच आणत नाही.

अर्ज भरणं अवघड नाही, गावातला मास्तरही भरून देतो. मंडळं अडकतात ती पहिला हप्ता खात्यात पडल्यावर. पैसा खर्च होतो, कार्यक्रम झकास होतो, पेपरात फोटो येतो आणि वर्षभरानं पत्र येतं की हिशेब सादर न झाल्यामुळे पुढील हप्ता देता येत नाही. कधी कधी तर वसुलीचंच पत्र येतं. म्हणून माझी पद्धत उलटी आहे. जो कागद सगळ्यात शेवटी द्यायचा आहे तो आधी वाचायचा, त्यातला एकेक रकाना कशाच्या आधारे भरणार ते ठरवायचं, मगच अर्जाला हात लावायचा.

शेवटचा कागद काय विचारतो

केंद्र सरकारच्या अनुदानाला सामान्य वित्तीय नियम २०१७ लागू होतात. संस्थांनी द्यायच्या उपयोगिता प्रमाणपत्राचा त्यातला नमुना १२-अ. राज्याच्या योजनांचे नमुने बहुधा त्या त्या शासन निर्णयाला जोडलेले असतात, पण विचारणा साधारण तीच. मंजुरी आदेशाचा क्रमांक आणि तारीख काय, रक्कम किती मिळाली, आधीची शिल्लक होती का, त्या रकमेवर बँकेनं व्याज किती दिलं, ते सरकारकडे भरलं का, खर्च किती झाला, उरलं किती.

व्याजाच्या रकान्यावर सगळे हसतात. कबड्डी मंडळाचा सचिव म्हणाला, "काऊन जी ताई, पैसा आमाले भेटला, मग व्याज कायले वापस करायचं?" कारण नियमात तसं स्पष्ट लिहिलं आहे. आगाऊ दिलेल्या अनुदानावर मिळालेलं व्याज हिशेब पूर्ण झाल्यावर सरकारजमा करायचं असतं. तीनशे रुपये असोत की तीन हजार. आता ते तीनशे रुपये शोधायचे कसे? मंडळाचं एकच खातं, त्यात गणपतीची वर्गणी, हॉलचं भाडं, कोणाची देणगी आणि मधेच अनुदान. अशा खात्यातून अनुदानाचं व्याज वेगळं काढणं ब्रह्मदेवालाही जमणार नाही. म्हणून अनुदानासाठी राष्ट्रीयीकृत बँकेत वेगळं खातं, दोघांच्या सहीचं. पासबुक दर महिन्याला भरून आणायचं. हे एक काम केलं की अर्धी फाइल आपोआप लागते.

दुसरी गोष्ट तारखांची. मंजुरी आदेशाच्या आधीच्या तारखेचं बिल दाखवलं तर ते नामंजूर होण्याची शक्यता मोठी. आधी खर्च करा, मग परतावा घ्या, अशी योजना असेल तर गोष्ट वेगळी, पण ते मंजुरीपत्रातच लिहिलेलं असतं. ते पत्र वाचायचा कंटाळा करू नका. सहसा दोन पानं असतात, आणि खालच्या बारीक अटीच महत्त्वाच्या.

तिसरी गोष्ट, पैसा ज्या बाबीला मंजूर झाला त्याच बाबीवर खर्च झाला पाहिजे. एका मंडळाला वेशभूषेसाठी पैसे मिळाले होते. साड्या, फेटे घरोघरी होतेच, म्हणून त्यांनी स्पीकर घेतले. स्पीकर खरे, दुकान खरं, बिल खरं, एक पैसा कोणी खाल्ला नाही. तरीही तो सगळा खर्च आक्षेपात गेला. बाब बदलायची असेल तर खर्चाच्या आधी मंजुरी देणाऱ्याला पत्र लिहून परवानगी घ्यायची आणि परवानगीचा कागद हातात आल्यावरच दुकानात जायचं. तोंडी "चालेल, चालेल" कोणी म्हटलं असेल तर ते फाइलला लावता येत नाही.

आणि चौथी, वस्तू. अनुदानातून घेतलेली ढोलकी, कबड्डीची मॅट, दिवे, सगळं जडवस्तू नोंदवहीत चढवायचं. घेतल्याची तारीख, बिल क्रमांक, किंमत, कुठे ठेवलं. वस्तूवर रंगानं नोंद क्रमांक टाका. अशी मालमत्ता परवानगीशिवाय विकता येत नाही, दुसऱ्या कामालाही लावता येत नाही. ढोलकीचं पान फुटलं तर फुटल्याचीही नोंद करा.

प्रमाणपत्राला मुदत असते. केंद्राच्या नियमात आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिने. राज्याच्या योजनांत ती पुष्कळदा याहून कमी असते. मी मात्र कार्यक्रम झाल्यावर महिन्याभरात हिशेब बंद करायला लावते, कारण त्यानंतर मंडपवाला फोन उचलत नाही.

उताऱ्यावरचे अध्यक्ष

आता मंडळाची स्वतःची कागदपत्रं. बहुतेक मंडळांकडे दोन प्रमाणपत्रं असतात. एक संस्था नोंदणी अधिनियम १८६० खालचं, ज्याला किमान ७ सभासद लागतात, आणि दुसरं महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालचं, ज्याच्यावर 'एफ'नं सुरू होणारा क्रमांक असतो. दोन्ही फ्रेम करून भिंतीवर टांगलेली असतात. पण अनुदान देणारं कार्यालय भिंत पाहत नाही. ते अनुसूची एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या मंडळाच्या नोंदीचा, ताजा उतारा मागतं.

तो उतारा मी पाहते तेव्हा दहातल्या सात वेळा त्यावरचे अध्यक्ष वारलेले असतात. कोषाध्यक्ष मुलाकडे पुण्याला गेलेले असतात. प्रत्यक्षात कारभार तिसरीच माणसं पाहतात, बँकेत सही चौथ्याची. दर निवडणुकीनंतर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो, तो दिलेलाच नसतो. मग अर्ज अडतो. तेव्हा धावपळ करून जुने बदल अर्ज एकामागून एक दाखल करायचे, विलंबमाफी मागायची, प्रत्येक निवडणुकीचं सभेचं इतिवृत्त शोधायचं. इतिवृत्ताची वही कोणाच्या तरी माळ्यावर असते. हे काम महिन्यांत मोजायचं, दिवसांत नाही. म्हणून अनुदानाचा विचार डोक्यात आला की पहिली चक्कर धर्मादाय कार्यालयाची. योजनेची जाहिरात यायची वाट पाहू नका. जाहिरातीची मुदत पंधरा दिवसांची असते आणि बदल अर्जाला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं.

सोबत हे कागद कायम तयार ठेवा. मागच्या ३ वर्षांचे सीएनं तपासलेले हिशेब, पॅन, केंद्राच्या योजनेसाठी दर्पण या संस्थांच्या सरकारी पोर्टलचा क्रमांक आणि पीएफएमएस या सरकारी पैसे वाटपाच्या प्रणालीवरची नोंदणी, रद्द केलेला धनादेश. विश्वस्त संस्थेचे हिशेब ३१ मार्चला बंद होतात आणि सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, तपासून व्हायला हवेत. सीएकडे जुलैतच जा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्याकडे उभं राहायलाही जागा नसते.

कोणतं दार

नागपूरला एक सोय आहे जी इतरांना नाही. देशातल्या ७ क्षेत्र सांस्कृतिक केंद्रांपैकी एक, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र, १९८६ पासून आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे. तिथे लोककलेच्या पथकाला बोलावणं येतं ते अनुदान नसतं, ते कार्यक्रमाचं मानधन आणि प्रवासखर्च असतो. त्याचा हिशेबही सोपा. नव्या पथकानं सुरुवात इथूनच करावी असं माझं मत. सरकारी पैसा कसा येतो, बिल कसं द्यावं लागतं, हे छोट्या रकमेवर शिकता येतं. पथकाची माहिती, कलावंतांची नावं आणि मोबाइलवर काढलेला का असेना पण सलग दहा मिनिटांचा व्हिडिओ देऊन या.

राज्याचं सांस्कृतिक कार्य संचालनालय मुंबईत. तमाशा, दशावतार, खडी गंमत, शाहिरी अशा पथकांसाठी प्रयोगात्मक कलेचं अनुदान तिथून मिळतं, आणि राज्य नाट्य स्पर्धाही तेच भरवतं. नाटकवाल्यांना एवढंच सांगते, संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकांच्या सेन्सॉरचं) प्रमाणपत्र आणि लेखकाचं परवानगीपत्र तालमी सुरू होण्याआधी घ्या. लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात नेपथ्य लागलं आणि प्रमाणपत्राची मूळ प्रत सापडेना, असे तमाशे मी पाहिले आहेत. निर्मितीखर्च प्रयोग झाल्यावर मिळतो, तेव्हा तोवरचं भांडवल आपलं आपण उभं करायचं.

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाचं कार्यक्रम आणि निर्मितीसाठीचं अनुदान साधारण ५ लाखांपर्यंत असतं आणि संस्था किमान ३ वर्षं नोंदलेली लागते. पैसा हप्त्यांत येतो, शिवाय काही वाटा मंडळानं स्वतः घालायचा असतो. तो वाटा कुठून आणला तेही हिशेबात दाखवावं लागतं. "सभासदांनी दिले" एवढं चालत नाही. पावतीपुस्तक हवं.

खेळाकडे या. व्यायामशाळा विकास आणि क्रीडांगण विकास या राज्याच्या दोन योजना जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे असतात आणि पैसा जिल्हा वार्षिक योजनेतून येतो. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात एक चक्कर मारा, चालू वर्षाचा नमुना मागा, अनुदानाची मर्यादा वेळोवेळी बदलते म्हणून ताजा शासन निर्णयच वाचा. पण नागपुरात खरी गाठ वेगळीच असते. मैदान कोणाचं?

मंडळ म्हणतं, "आमचंच, आजोबांपासून खेळून राहिलो." कागद मात्र म्हणतो नझूल, म्हणजे सरकारी जमीन. किंवा महापालिका. किंवा १९३६ च्या कायद्यानं आलेलं नागपूर सुधार प्रन्यास, आणि लेआउटमधली ती मोकळी जागा पीयू लँड, म्हणजे सार्वजनिक वापराची जागा, म्हणून दाखवलेली. जागेवर हक्क किंवा दीर्घ मुदतीचा करार नसेल तर बांधकामाचं अनुदान मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे. सार्वजनिक जागेवर एका मंडळाची भिंत सरकारच्या पैशानं का उभी राहावी? नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका, म्हणजे जागेचं प्रॉपर्टी कार्ड, काढा. जागा दुसऱ्याची निघाली तर बांधकामाचा हट्ट सोडा आणि साहित्याची मागणी करा. मॅट, वजनं, मल्लखांब यांना जमीन लागत नाही. नाहीतर जागेच्या मालकालाच, म्हणजे महापालिकेला किंवा प्रन्यासला, प्रस्ताव करायला लावा आणि तुम्ही देखभालीचा करार करा.

आमदार-खासदार निधीबद्दल फार गैरसमज आहे. खासदाराला वर्षाला ५ कोटी आणि राज्यातल्या आमदारालाही ५ कोटी स्थानिक विकासासाठी असतात, पण तो पैसा मंडळाच्या हातात कोणी देत नाही. लोकप्रतिनिधी काम सुचवतात, मंजुरी जिल्हा पातळीवर होते आणि काम सरकारी यंत्रणा करते. सत्कार करून, शाल घालून धनादेश मिळेल म्हणून वाट पाहत बसू नका. कामाचं नाव, जागेचा उतारा आणि अंदाजपत्रक असलेलं एक पानी पत्र द्या.

वारसा वास्तूंचं थोडक्यात सांगते, कारण आखाडे पुष्कळदा जुन्या वाड्यांत किंवा मंदिरांशेजारी असतात. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. तिथे अनुदान मंजूर करून आणलं तरी वीट लागणार नाही. कस्तुरचंद पार्क शहराच्या वारसा यादीत आहे. तिथे सामने किंवा महोत्सव घ्यायचा तर वारसा संवर्धन समितीची परवानगी आधी पाहा, मंडपवाल्याला विसार नंतर द्या.

पत्र्याची पेटी

म्हाताऱ्या कलावंतांचं मानधन ही सगळ्यांत उपयोगी योजना, आणि कागदांअभावी सगळ्यांत जास्त माणसं हिच्यातूनच गळतात. राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना असं तिचं सध्याचं नाव. २०२४ पासून सगळ्यांना सरसकट महिना ५,००० रुपये. पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तीन श्रेण्या होत्या, त्या गेल्या. वय ५० च्या वर, कलेत किमान १५ वर्षं, वार्षिक उत्पन्न ६०,००० च्या आत, आणि जिल्ह्याला वर्षाला १०० जणांची निवड. कलावंत गेल्यावर नवऱ्याला किंवा बायकोला मानधन चालू राहतं, म्हणून अर्जात जोडीदाराचं नाव आधारवर आहे तसंच लिहा.

अडतं ते १५ वर्षांच्या पुराव्यावर. मौद्याकडच्या एका शाहीरबुवांनी माझ्यासमोर पत्र्याची पेटी उघडली. आत गुलाबी, पिवळ्या कागदांची हँडबिलं. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तिथल्या कार्यक्रमांची. 'भाऊबीजेनिमित्त दुय्यम (दोन पार्ट्यांची) खडी गंमत', खाली बुवांचं नाव ठळक, गावाचं नाव, वार, वेळ. साल कुठेच नाही. छापणाऱ्याला त्याची गरजच वाटली नव्हती, मंडई काय, दरवर्षीच असते. पन्नासेक हँडबिलं आणि पुरावा शून्य.

मग पेटीच्या तळाशी नागपूर आकाशवाणीची करारपत्रं निघाली. तारीख, कार्यक्रमाचा प्रकार, मानधनाचा आकडा, शिक्का, सगळं जागच्या जागी. त्या चार कागदांनी काम केलं. ज्यांच्याकडे करारपत्रं नाहीत त्यांनी ज्या गावांत कार्यक्रमाची सुपारी घेतली तिथल्या ग्रामपंचायतीकडून सालासकट दाखला घ्यावा, मंडई मंडळाच्या पावतीपुस्तकातली बिदागीची नोंद झेरॉक्स करून आणावी, पेपरातलं कात्रण पानावरच्या तारखेसह कापावं. कात्रण कापताना लोक बातमी नेमकी कापतात आणि तारीख रद्दीत जाते. उत्पन्नाचा दाखला तहसीलचाच लागतो, सरपंचाचा नाही. आणि आजपासून जे हँडबिल छापाल त्यावर साल छापा, हे मी प्रत्येक पार्टीला सांगते.

६० च्या वरच्या गरजू कलावंतांसाठी केंद्राचीही वेगळी मासिक मदत आहे, महिना ६,००० पर्यंत. दोन्ही अर्ज करण्याआधी एकाचा दुसऱ्यावर काय परिणाम होतो ते अटींत पाहून घ्या.

पैसे वाटताना

खडी गंमतीच्या पार्टीत शाहीर, नाच्या, ढोलकीवाला, चोनकं हे वाद्य वाजवणारा चोनकेवाला, मागे सूर धरणारे झीलकरी असे आठ-दहा जण. कार्यक्रम संपला की शाहीर पैसे मोजून ज्याच्या त्याच्या हातात ठेवतो. वर्षानुवर्षांची ही रीत चांगली आहे, पण सरकारी पैशाला ती पुरत नाही. एक मानधन पत्रक करा. रकाने असे: अनुक्रमांक, आधारवरचं नाव, पार्टीतली भूमिका, कार्यक्रमाची तारीख आणि गाव, रक्कम, खाते क्रमांक, सही. टोपणनाव लिहू नका. सगळा तालुका ज्याला एका नावानं ओळखतो त्याचं बँकेतलं नाव दुसरंच असतं, आणि मी तपासणीला बसले असते तर पहिली खूण तिथेच केली असती. रक्कम शक्यतो खात्यात टाका. अंगठा असेल तर त्याच्याखाली नाव लिहा आणि साक्षीदाराची सही घ्या. रोख दिलेली रक्कम ५,००० च्या वर असेल तर पावतीवर १ रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्याच्यावरून सही. तिकीट पोस्टात मिळतं, दहा-वीस आणून ठेवा.

गाडीच्या बिलावर गाडीचा नंबर, कुठून कुठे, किलोमीटर. जेवणाच्या बिलावर माणसांची संख्या, आणि ती मानधन पत्रकातल्या संख्येशी जुळणारी. दहा कलावंत आणि चाळीस जेवणं असतील तर तीस कोण होते ते तिथेच लिहून ठेवा, स्वयंसेवक असतील तर स्वयंसेवक म्हणा. मंडप, ध्वनी, छपाई यांसाठी तीन दुकानांची दरपत्रकं घ्या आणि सगळ्यांत कमी दर सोडून दुसरा घेतला असेल तर का घेतला ते सभेच्या ठरावात दोन ओळींत लिहा.

आता आतली गोष्ट सांगते. लेखापरीक्षक रकमा नंतर पाहतो, आधी बिलांचे क्रमांक पाहतो. एकाच दुकानाची ऑगस्ट, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीतली बिलं ११२, ११३, ११४ अशी ओळीनं असली तर काय समजायचं? त्या दुकानात सहा महिने दुसरं गिऱ्हाइकच आलं नाही? की एकाच संध्याकाळी बसून तिन्ही फाडली? अक्षर एक, शाई एक. बिल खरंच हरवलं असेल तर दुकानातून दुय्यम प्रत घ्या, त्यावर 'दुय्यम' लिहून घ्या आणि हरवल्याचा ठराव करा. तेवढ्यानं भागतं. बनावट बिल जोडलं की बाकीची खरी बिलंही संशयात येतात.

फोटो काढताना मोबाइलमध्ये ठिकाण आणि वेळ दाखवणारी सोय चालू ठेवा. मंचामागच्या फलकावर योजनेचं आणि निधी देणाऱ्या खात्याचं नाव मंजुरीपत्रात सांगितलं असेल तसं छापा. पाहुण्यांच्या सत्काराचे बारा फोटो आणि खेळाचा एकही नाही, असं करू नका.

एक वेळापत्रकही डोक्यात ठेवा. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात येतं, तेव्हा शहरातली अर्धी कार्यालयं त्याच कामाला जुंपलेली असतात. त्या दिवसांत फाइल हलायची आशा धरू नका. मात्र मोठा प्रश्न असेल, म्हणजे सगळ्याच पार्ट्यांचं अनुदान थकलं असेल, तर आमदारांकरवी प्रश्न विचारायला तीच वेळ. पुरवणी मागण्याही तेव्हाच येतात. मग मार्च. न वापरलेला निधी ३१ मार्चला व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो, म्हणून शेवटच्या आठवड्यात अचानक फोन येतो की आजच्या आज खाते क्रमांक आणि पावती द्या. ज्यांची फाइल जानेवारीत तयार असते त्यांना पैसे मिळतात. पैसे ३० मार्चला आले तर त्याच वर्षात खर्च दाखवायला मागच्या तारखांची बिलं फाडू नका. पुढच्या वर्षात खर्च करायची लेखी परवानगी मागा आणि रक्कम अखर्चित शिल्लक म्हणून दाखवा, त्यासाठी नमुन्यात रकाना आहेच.

आक्षेप आला तर

घाबरू नका आणि भांडूही नका. आक्षेपाचा प्रत्येक परिच्छेद वेगळा घ्या, त्याच्यासमोर उत्तर आणि जोडपत्र क्रमांक. "मंडपाची दरपत्रके आढळून आली नाहीत" याचं उत्तर "आमचं मंडळ ५० वर्षं जुनं असून निष्कलंक आहे" हे नाही. उत्तर असं: "दरपत्रके सभा क्र. ४ च्या इतिवृत्तासोबत होती, साक्षांकित प्रती जोडपत्र ३ मध्ये." आणि नसतीलच तर सरळ लिहा की घेतली नव्हती, त्या आठवड्यात गावात एकच मंडपवाला उपलब्ध होता, त्याच वर्षी दुसऱ्या संस्थेनं त्याला दिलेला दर सोबत जोडला आहे. प्रामाणिक उत्तरावर आक्षेप मिटताना मी पुष्कळदा पाहिलं आहे. उत्तराची पोच घ्या. आवक क्रमांक नसलेलं उत्तर दिलंच नाही असं धरलं जातं.

दुसऱ्याला मिळालं, आपल्याला का नाही?

हा प्रश्न कट्ट्यावर विचारण्यापेक्षा माहिती अधिकारात विचारा. अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, मजकूर १५० शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय, हे महाराष्ट्राचे नियम. अर्ज अनुदान देणाऱ्या कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला. 'का' विचारू नका, कागद मागा. असा मजकूर चालतो: "अमुक योजनेखाली नागपूर जिल्ह्यात अमुक आर्थिक वर्षात प्राप्त अर्जांची यादी, पात्र-अपात्र यादी कारणांसह, निवड समितीच्या बैठकीचे इतिवृत्त, मंजूर रकमा आणि प्राप्त उपयोगिता प्रमाणपत्रे यांच्या प्रती मिळाव्यात." आपला अर्ज अपात्र का झाला ते बहुतेक वेळा त्या यादीतल्या शेरा रकान्यात सापडतं. कधी उतारा जुना, कधी ऑडिट एका वर्षाचं कमी.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयात पहिलं अपील, २० रुपयांचं तिकीट लावून. तिथेही झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरं अपील.

हेच हत्यार तुमच्यावरही चालतं, हे लक्षात असू द्या. सरकारच्या पैशावर मोठ्या प्रमाणात चालणारी संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत येऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं आहे. खेळाच्या बाबतीत २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आला, त्यात सरकारी अनुदान घेणाऱ्या मान्यताप्राप्त क्रीडा संघटनांना त्या पैशाच्या विनियोगापुरतं माहिती अधिकाराखाली आणलं आहे. आणि तुमचं मंडळ या कशातच बसत नसलं तरी तुम्ही दिलेला हिशेब सरकारी कार्यालयात आहे, तो तिथून कोणीही मागू शकतो. शेजारच्या मंडळाचा सचिव तो वाचणार आहे, असं धरूनच लिहा.

प्रती मागण्याऐवजी फाइल तपासायला मागितली तर आणखी बरं. तपासणीचा पहिला तास फुकट असतो. मंजूर झालेल्या एखाद्या मंडळाची फाइल पहिल्या पानापासून पाहा, त्यांनी काय काय जोडलं होतं ते वहीत उतरवा आणि जी पानं उपयोगी वाटतील तेवढ्यांचीच झेरॉक्स मागा. पानाला २ रुपये पडतात.